सगळ्या लिंका उघडून पाहिल्या

पिपरी मेघे, वर्धा
रविवार, दुपार

प्रिय पौर्णिमा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, बेटा. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा उजवा गुडघा थंडीने कुरकुरतो आहे, पण तोंड नेहमीसारखंच चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. बोअरची मोटर एकदाची दुरुस्त झाली. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, मला कळतं. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी नुसतं तुझ्या ‘दोन्हीकडे’च्या अंकाचं नाव काढलं की लगेच विचारतेस, बाबा, जेवलात का, बीपीची गोळी घेतली का. मी घेतली म्हणेपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून कागद घेऊन बसलो. पत्रात मधेच मला जेवलात का विचारता येणार नाही, तेवढा एक फायदा.

काल तू आईला सांगितलंस म्हणे, की येत्या गुरुवारी ‘दोन्हीकडे’चा शेवटचा अंक पाठवणार, चार ओळींचा, आजपासून बंद एवढंच सांगणारा. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, सोलता सोलता तिने मला सांगितलं. मी पेपर वाचत होतो. वाचत होतो म्हणजे नुसता धरून बसलो होतो. चार वर्षं दर गुरुवारी सकाळी सात वाजता अकराशे चाळीस लोकांच्या मेलमध्ये जाऊन पडणारा अंक, नोकरी सांभाळून तू एकटीने उभा केलेला, आणि तो बंद! आईने तुझं पुढचं वाक्यही सांगितलं. बाबांनी स्वतः उघडून पाहिलेली लिंकसुद्धा दगा देत असेल, तर मी लोकांना कशाच्या भरवशावर काही सुचवू? तेव्हापासून मी धड जेवलेलो नाही, तू विचारणारच आहेस म्हणून सांगतो.

तुला आठवतं का, पॉलिटेक्निक करून पुण्याला गेलीस ते पहिलं वर्ष? तिथल्या पोरांना इंग्रजीतून भराभर कळायचं ते तुला तीन-तीनदा वाचावं लागायचं, आणि रविवारी फोन करून रडायचीस. तुझी आई म्हणायची, ये परत, इथे काय कमी आहे. मी तिला गप्प करायचो आणि मग स्वतःच बाहेर अंगणात जाऊन उभा राहायचो. मग एक दिवस तू म्हणालीस, बाबा, मी जे शिकते ते मराठीत लिहून ठेवणार, माझ्यासारखे अजून असतील. ॲप एकदाच लिहायचं आणि तेच अँड्रॉइडवरही चालवायचं, आयफोनवरही, असं काम करणाऱ्यांसाठी दर आठवड्याचा मेल. फ्लटरमध्ये नवं काय आलं, रिॲक्ट नेटिव्ह शिकायला फुकट धडे कुठे आहेत, कोणतं साधन चांगलं, जुन्या स्वस्त फोनवर काय अडतं. पहिला अंक मला पाठवलास तेव्हा ‘प्रिय वाचक’ सोडून त्यातलं मला अक्षर कळलं नाही. तेवीस वाचक होते. त्यातले पाच आपलेच नातेवाईक, आणि चिंधूमामाचा तर मेल आयडीसुद्धा तूच काढून दिला होतास.

मग तू मला कामाला लावलंस. खरं तर आईनेच तुला सांगितलं असणार, की निवृत्त झाल्यापासून हा माणूस माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत फिरतो, याला काहीतरी काम दे. तू म्हणालीस, बाबा, तुम्हाला कोड कळायची गरज नाही. वाक्य तुम्हाला कळलं तर शिकाऊ पोरांनाही कळेल. आणि अंकातली प्रत्येक लिंक उघडून पाहा, उघडते का, आणि मी लिहिलंय तेच तिथे आहे का. हे मात्र माझ्या हाडामासातलं काम होतं. पुलगावच्या लष्करी डेपोत एकतीस वर्षं मी स्टोअरचा कारकून. तिथे एकाने मोजलेलं दुसऱ्याने पुन्हा मोजल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे, आणि तो दुसरा बहुतेक वेळा मी असे. लोक मला मागून काय काय म्हणायचे ते मला माहीत आहे. म्हणू देत. तुझ्या आजोबांनी जन्मभर अंगठा लावला, आणि मला सही करता यायला लागली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, वाचल्याबिगर कुठी सही नको करजो. ते मी पाळलं.

बुधवारी दुपारी तुझा मसुदा यायचा. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून मी तो छापून आणायचो, कॉम्प्युटर लावायचो, एकेक लिंक उघडायचो आणि कागदावर तिच्यापुढे लाल पेनने बरोबरची खूण करायचो. शेवटी सही, तारीख. त्याचा फोटो तुला गेला की गुरुवारी अंक सुटायचा, आणि तळाशी एक ओळ असायची, ‘सगळ्या लिंका उघडून पाहिल्या : बापूराव’. बेटा, ती ओळ मी किती जणांना दाखवली असेल! सकाळी फिरायला येणारे तानबाजी विचारायचे, बापूराव, तुमाले त्यातलं काई समजते काय? मी म्हणायचो, समजाले कायले पायजे, पाहाले पायजे. डेपोतल्या एकतीस वर्षांत माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं, ते तू दर आठवड्याला छापलंस. याचा मला किती गर्व होता ते तुला कधी सांगितलं नाही.

आता त्या अंकाकडे येतो. मी त्याच्याभोवती गोल गोल फिरतो आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला अंक. त्यात तू एक छोटी साइट सुचवली होतीस. एक चित्र दिलं की दोन्ही प्रकारच्या फोनांना लागतात त्या सगळ्या मापांचे ॲपचे आयकॉन करून देणारी. दोन वर्षांपूर्वीच्या अंकातही ती होती, आणि तेव्हा चांगली होती. मधल्या काळात चालवणाऱ्याने ती सोडून दिली, तिचा पत्ता दुसऱ्याच कुणी घेतला, आणि आता तिथे चित्राचं नावच नाही, नुसता एक प्रोग्रॅम उतरवून घ्या म्हणून सांगत होते. ज्याने तो उतरवला त्याच्या कॉम्प्युटरमधले पासवर्ड गेले. आपल्या तीन वाचकांनी उतरवला. दोघे वेळेत सावध झाले. तिसरा आपल्याच जिल्ह्यातला निघाला, सिंदी रेल्वे गावचा आदेश. ॲप स्टोअरवरच्या त्याच्या खात्यातून कुणीतरी जुगाराचं ॲप चढवलं, खातं बंद झालं, आणि त्याबरोबर त्याचं स्वतःचं ‘भाजीगाडी’ नावाचं ॲपही स्टोअरवरून गेलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी त्याचा मेल आला. शनिवारी तू सगळ्या वाचकांना माफीचं पत्र पाठवलंस, दोष आपल्या अंगावर घेतलास, आणि त्यानंतर सहा आठवडे तुझ्याकडून एक ओळ गेलेली नाही.

त्या माफीपत्राला एकशे बारा उत्तरं आली आहेत. तुला ती उघडवत नाहीत, मी मात्र अंकाच्या मेलखात्यात जाऊन सगळी वाचली. एकाने वाट्टेल ते लिहिलं आहे, पण तो तर फ्लटरची नवी आवृत्ती उशिरा आली तरी तुलाच बोलतो, त्याचं सोडून दे. बाकी लोक विचारतात, ताई, पुढचा अंक कधी. जळगावची एक मुलगी लिहिते, की तिला पहिली नोकरी तुझ्या अंकातल्या धड्यांमुळे लागली, आणि गुरुवारी सकाळी ती सवयीने अजूनही मेल उघडून बघते. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. बुधवार आला की माझंही तसंच होतं. झेरॉक्सवाला विचारतो, काकाजी, काऊन येऊन नाई राह्यले? मी सांगतो, पौर्णिमाला ऑफिसचं काम वाढलंय.

गेल्या मंगळवारी मी सिंदीला जाऊन आलो. तुला बोललो नाही. आईला सांगितलं, पेन्शनच्या कामाने नागपूरला चाललो. पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून मी वाक्यं जुळवत होतो, आणि काय बोलायचं ते स्टेशन येईपर्यंत पाठ झालं होतं. आदेशचं घर गावाच्या कडेला आहे, मागेच वांग्या-कोबीची वाडी. पोरगा तिशीचा असेल, अंगाने बारीक, हाताला माती. मी नाव सांगितलं मात्र, तो खाली वाकला ना माझ्या पायाशी! काकाजी, तुमचं नाव मी दर गुरुवारी वाचतो म्हणाला. आत हाक मारली, अवं गोपिका, ताईचे बाबा आले पाय, लिंकवाले बाबा. मला खाटेवर बसवलं, पाणी, चहा, उकडलेल्या शेंगा. मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

त्याचं ते ॲप काय आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. आजूबाजूच्या गावांतले भाजीवाले शेतकरी त्यावर पाहायचे, उद्या नागपूरच्या बाजाराला कुणाची गाडी जाणार आणि तिच्यात किती क्रेटची जागा आहे. साधी गोष्ट, पण त्यामुळे अर्ध्या रिकाम्या गाड्या जायच्या थांबल्या होत्या. आता ज्यांच्या फोनमध्ये ते आधीपासून आहे त्यांचंही धड चालत नाही, आणि नव्यांना मिळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी गोपिका फोन घेऊन बसते आणि साठ जणांना एकेक करून विचारते, उद्या किती क्रेट जी? तिने हे हसत सांगितलं. पण बाजारात तिला काय ऐकावं लागलं ते सांगताना हसली नाही. गावात उठलं होतं, की आदेश जुगार चालवून राह्यला. एक म्हातारा तर दारात येऊन ओरडून गेला, काऊन रे, भाजीच्या नावानं आमाले पत्ते खेळाले लावतं काय? आदेशच्या वडिलांनी त्यानंतर चार दिवस घराबाहेर पाऊल ठेवलं नाही. हे ऐकताना माझ्या हातातली शेंग हातातच होती.

आणि एवढं सोसून तो पोरगा मला काय म्हणाला सांगू? ताईले सांगा, मी नाई रागावलो. पण ताईनं बंद काऊन केलं? मले इंग्रजी व्हिडिओ समजत नाई, मी आता कुठून शिकू? त्याने एक वही दाखवली. खातं गेलं त्या दिवसापासून काय काय केलं ते तारखेवार लिहिलं आहे. पहिल्या तासात कोणते पासवर्ड बदलायला हवे होते, सायबर पोलिसांकडे काय कागद लागले, स्टोअरकडे अपील कसं केलं, नवं खातं काढलं तर जुन्या लोकांना नव्या ॲपवर कसं आणायचं. अपिलाचं उत्तर अजून आलेलं नाही. तो म्हणतो, हे ताईनं छापलं तर दुसऱ्याचं खातं तरी वाचेल. तुझ्या चार वर्षांच्या अंकांत इतक्या उपयोगाचं काही आलं नसेल, मी सांगतो. निघताना गोपिकाने पिशवीभर वांगी आणि सांबाराची, म्हणजे तुमच्या पुण्याच्या कोथिंबिरीची, जुडी हातात दिली. मी नको नको म्हणत घेतली, आणि जे सांगायला गेलो होतो ते न सांगता परत आलो. लिंकवाले बाबा म्हणून खाटेवर बसल्यावर मला खाली उतरता आलं नाही. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द मला माहीत नाही.

घरी आलो तर तुझ्या आईने पिशवीत डोकावून पाहिलं. म्हणाली, पेन्शन हापिसात आता वांगे वाटून राह्यले वाटते. तिच्यापुढे माझं कधी काही टिकलंय? सगळं सांगून टाकलं. तिने वांगी भाजायला ठेवली, भरीत केलं, ताट वाढलं, आणि मी पहिला घास उचलला तेव्हा म्हणाली, पोरगी तिकडे झुरून राह्यली, अन् तुमाले इकडे घास कसा उतरते जी? लिहा आता तिले. त्यानंतर पाच दिवसांत मी दोन पत्रं लिहून फाडली. त्यांत सगळी कारणंच होती. हे तिसरं.

तर लिहितो. त्या बुधवारी संध्याकाळी पुलगावला डेपोतल्या रत्नदीपच्या मुलीचं लग्न होतं. गाडी दारात उभी, तुझी आई तयार होऊन ओट्यावर, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवतो आहे. अंकात एकोणीस लिंका होत्या. सोळा उघडून झाल्या. उरल्या त्या तीन जुन्या, ओळखीच्या, मागे मीच तपासलेल्या. त्यांना काय होणार, असं मनात म्हटलं आणि तिन्हींपुढे खुणा करून टाकल्या. त्यांतली मधली ती होती. उघडली असती तर माझ्यासारख्यालाही कळलं असतं, कारण चित्र द्यायची जागाच तिथे नव्हती. सही केली, तारीख टाकली, फोटो तुला पाठवला, आणि लग्नात जाऊन दोन वाट्या बासुंदी खाल्ली. तुला वाटतं की मी पाहिल्यानंतर ती लिंक बदलली. नाही बेटा, बुधवारी ती तशीच होती. मी पाहिलीच नाही. तुझी पद्धत कुठेही चुकलेली नाही, ती मी पाळली नाही. मग तू बंद कशासाठी करतेस?

इथवर वाचून तू म्हणशील, असू द्या बाबा, घाईत होतं असं. म्हणून शेवटचं सांगतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला मला सहा आठवडे लागले. माफीचं पत्रही तू पाठवण्याआधी नेहमीसारखं तपासायला माझ्याकडे दिलं होतंस. त्यात तुझी ओळ होती, ‘माझ्या बाबांनी ही लिंक अंकाच्या आदल्या दिवशी स्वतः उघडून पाहिली होती, त्यांचा यात काही दोष नाही.’ मी ती दोनदा वाचली. त्या दिवशी दारात गाडी नव्हती, हॉर्न नव्हता, घरात कोणी नव्हतं. आणि त्या ओळीपुढे मी लाल पेनने बरोबरची खूण केली. बुधवारची खूण आळसाची होती, शनिवारची खोटी होती. माझं नाव राखायला मी तुला अकराशे चाळीस लोकांपुढे खोटं बोलू दिलं, आणि तुला कळूही दिलं नाही. तुझा राग येईल तेवढा येऊ दे, तो मला हवा आहे. पण गुरुवारी अंक काढ, आणि सगळ्यात वर हे छाप, माझ्या नावानिशी, एकही शब्द मऊ न करता. त्याखाली आदेशची वही छाप. तपासायला दुसरं कुणी बघ. उद्या सकाळी हे पत्र स्पीड पोस्टाने टाकून मी तसाच सिंदीची पॅसेंजर धरणार आहे. तुझ्या हातात हे पडेल तोवर आदेशला आणि गोपिकाला मी सगळं सांगितलेलं असेल, त्यामुळे मला वाचवायचा विचारही करू नकोस.

जय भीम.

तुझाच, आणि तुझा अपराधी,
बाबा